खेळून झालेल्या खेळांचे मोल

आमच्या लहानपणी, म्हणजे १९८० च्या आसपास, इंदूरच्या आमच्या वाड्यात दोन-तीन महिन्यांनी एक बोहारीण येत असे. डोक्यावरची भांड्यांची पाटी ती ओटीवर उतरवी, आई आतून जुन्या कपड्यांचे गाठोडे आणी, आणि मग तासभर जो व्यवहार चाले तो पाहण्यासाठी आम्ही मुले खेळ सोडून भोवती बसत असू. बोहारीण लुगडे उजेडाकडे धरून विरलेली जागा शोधी. आई पातेल्याच्या बुडावर टिचकी मारून त्याचा आवाज ऐके. शेवटी एक पातेले घरात येई आणि गाठोडे पाटीत जाई. दोघींपैकी एकीलाही आपण फसलो असे वाटत नसे, कारण आपली वस्तू आणि समोरचीची वस्तू दोघींनाही नीट कळत असे. आजीचे एक लुगडे मात्र आईने कधीच त्या गाठोड्यात बांधले नाही. त्याची पुढे गोधडी झाली.

या साऱ्याची आठवण होण्यास कारण घडले ते २०२४ च्या उन्हाळ्यात. आमचे चिरंजीव बारावी उत्तीर्ण होऊन पुढील शिक्षणासाठी पुण्यास निघाले होते. लॅपटॉप घ्यावयाचा होता. एके दिवशी त्यांनी कपाटातून एक खोके काढून आमच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "बाबा, तिथे वसतिगृहात हे न्यायचं नाही. हे विकू. लॅपटॉपला जेवढी भर पडेल तेवढी माझ्याकडून."

खोक्यात होते प्लेस्टेशन ४ हे व्हिडिओ गेमचे यंत्र आणि त्याच्या चौदा डिस्क. यंत्र आम्ही २०१८ च्या दिवाळीत घेऊन दिले होते. डिस्क मात्र बहुतेक त्यांच्या स्वतःच्या पैशांच्या, म्हणजे वाढदिवसाच्या, दिवाळीच्या आणि मामाने हातावर ठेवलेल्या खाऊच्या पैशांच्या. असे एखादे खोके आज पुष्कळ घरांतून पडलेले असते. मुले मोठी होतात आणि एके दिवशी ते रद्दीबरोबर किंवा कुणाला तरी फुकट जाते. आमच्या हातून तसे घडता घडता राहिले. त्या पाच आठवड्यांत आम्ही जे शिकलो ते वाचकांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

दुकानदाराचे गणित

पहिल्या दिवशी आम्ही पितापुत्र जेल रोडवरील डॉलर मार्केटच्या बाजूस एका दुकानात गेलो. दुकानदाराने डिस्क पत्त्यांसारख्या काउंटरवर मांडल्या, एकेक उलटून पाहिली, चौदांपैकी एक बाजूस सारली आणि उरलेल्या तेरांचे मिळून तीन हजार चारशे रुपये सांगितले. यंत्राचे आठ हजार. चिरंजीवांचा चेहरा उतरला. त्या तेरांपैकी काही डिस्क एकेकट्याच साडेतीन-चार हजारांना घेतलेल्या होत्या. "ये तो नहीं चलेगी, भैया," असे म्हणून बाजूस सारलेल्या चौदाव्या डिस्कविषयी पुढे सांगू.

आम्हांसही प्रथम राग आला. परंतु घरी येऊन विचार करता ध्यानात आले की दुकानदार लबाड नव्हता. त्याला ती डिस्क नव्या डिस्कपेक्षा पुष्कळ स्वस्त विकावयाची असते. ती कधी विकली जाईल याची शाश्वती नसते, आणि ती फळीवर पडून असताना तिची किंमत उतरतच असते. डिस्क चालली नाही तर गिऱ्हाईक परत त्याच्याच दारात येते. शिवाय दुकानाचे भाडे. हे सारे धरून तो निम्म्याहून कमी दाम देतो आणि त्याच्या मोबदल्यात आपल्याला पैसे ताबडतोब मिळतात, अनोळखी माणसांशी बोलावे लागत नाही.

जगभर हा धंदा याच रीतीने चालत आला आहे. अमेरिकेत १९८८ मध्ये फंकोलँड नावाचे दुकान सुरू झाले. जुन्या खेळांचे भाव ते चक्क वर्तमानपत्रासारखे छापून वाटत असे, म्हणजे कोणत्या खेळाचे काय मिळेल हे गिऱ्हाइकाला घरबसल्या कळे. पुढे २००० साली ते एका मोठ्या साखळीत विलीन झाले, आणि ती साखळी गेमस्टॉप या नावाने प्रसिद्ध पावली. तेथे रोख पैसे घेतल्यास कमी आणि त्याच दुकानातून दुसरा खेळ घेतल्यास अधिक, असा दुहेरी भाव देण्याची पद्धत रुळली.

तात्पर्य, जुना खेळ विकण्याच्या वाटा तीन: दुकानात रोखीने, दुकानातच अदलाबदलीने, आणि थेट खेळणाऱ्याला. पहिल्या वाटेने दाम सर्वांत कमी व त्रासही सर्वांत कमी. तिसऱ्या वाटेने दाम सर्वांत अधिक व खटपटही तितकीच. ज्याला पुढचा खेळ घ्यावयाचाच आहे त्याने दुसरी वाट धरावी. आम्हांस लॅपटॉप घ्यावयाचा होता आणि हाती दीड महिना होता, म्हणून आम्ही तिसरी धरली.

भाव कशाने चढतो, कशाने उतरतो

सर्व खेळ सारख्या वेगाने जुने होत नाहीत. दरवर्षी नवी आवृत्ती निघणारे खेळ सर्वांत लवकर शिळे होतात. फुटबॉलच्या फिफा या खेळाची गत गेल्या वर्षीच्या पंचांगासारखी असे. नवे निघाले की जुन्याला कुणी विचारीत नसे. २०२३ पासून तर त्या मालिकेचे नावही बदलून ईए स्पोर्ट्स एफसी असे झाले. असला खेळ विकावयाचा असेल तर नवी आवृत्ती बाजारात येण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः सप्टेंबरच्या आधी, विकून मोकळे व्हावे. आमच्याकडे २०१९ व २०२० च्या अशा दोन डिस्क होत्या. दोन्ही मिळून अडीचशे रुपये आले, आणि तेही एका मुलाला दया आली म्हणून, असे चिरंजीवांचे मत आहे.

याउलट ज्यात एखादी सुरस कथा आहे असे खेळ कादंबरीसारखे टिकतात. २०१८ सालचे गॉड ऑफ वॉर किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ हे खेळ सहा वर्षांनंतरही लोक विचारीत होते. कारण उघड आहे. कथा ज्याने अनुभवली नाही त्याच्या दृष्टीने ती नवीनच असते.

भाव पाडणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. कंपनीने तोच खेळ स्वस्त आवृत्तीत पुन्हा काढला, की जुन्या डिस्कची किंमत त्या नव्या स्वस्त किंमतीच्या खाली जाऊन बसते. आणि जून २०२२ पासून प्लेस्टेशन प्लस या वर्गणीत, अधिक पैसे भरणाऱ्यांसाठी, शेकडो खेळांचा संग्रह आला. ज्या खेळाचा त्या संग्रहात समावेश होतो त्याची डिस्क घेणारे साहजिकच कमी होतात. म्हणून ज्या खेळाला आज मागणी आहे आणि जो आपण पुन्हा खेळणार नाही, तो आजच विकावा. "राहू दे, नंतर बघू" या वाक्याने व्हिडिओ गेमइतके नुकसान क्वचितच दुसऱ्या वस्तूचे होत असेल.

ऋतूही पाहावा. आमच्या अनुभवाने परीक्षा संपल्यानंतरचे दिवस आणि दिवाळीपूर्वीचे दोन आठवडे विकणाऱ्याला चांगले. जून उजाडला आणि शाळेच्या फीचे दिवस आले, की पालकांचे हात आखडतात.

डिस्क उजेडाकडे धरून पाहा

बोहारीण लुगडे उजेडाकडे धरी, तसेच डिस्कचे आहे. तिच्यावरील ओरखडे तिरप्या उजेडातच दिसतात. पण सगळे ओरखडे सारखे नसतात, आणि येथे थोडे शास्त्र जाणून घेणे हिताचे आहे.

पहिल्या प्लेस्टेशनचे खेळ सीडीवर येत. सीडीत खालच्या, म्हणजे चकचकीत बाजूच्या पृष्ठभागापासून मजकूर सुमारे १.२ मिलिमीटर आत, अगदी वरच्या छापील बाजूला लागून असतो. म्हणून खालचा ओरखडा घासून काढता येतो, पण छापील बाजू खरवडली गेली तर सीडी कायमची गेली. प्लेस्टेशन २ चे बहुतेक खेळ डीव्हीडीवर आले. तिच्यात मजकूर ०.६ मिलिमीटरवर, म्हणजे मध्यभागी असतो. प्लेस्टेशन ३ पासून पुढचे खेळ ब्ल्यू-रे डिस्कवर येतात. तिच्यात मजकूर पृष्ठभागाच्या खाली केवळ ०.१ मिलिमीटरवर असतो आणि त्याच्या रक्षणासाठी वर एक कठीण लेप दिलेला असतो. हा लेप बारीक चरे सहज सोसतो, परंतु एकदा खोल चरा गेला की डिस्क घासून दुरुस्त करण्यास जागाच उरत नाही. तेव्हा टूथपेस्टने डिस्क चमकवण्याचे घरगुती उपाय ब्ल्यू-रेवर मुळीच करू नयेत. मऊ सुती कापडाने मध्यापासून काठाकडे सरळ पुसावे. गोल गोल पुसू नये.

डिस्कची पेटी, तिचे रंगीत वेष्टन आणि आतील कागद जपून ठेवलेले असतील तर दाम वाढतो. आमच्या दोन डिस्कच्या पेट्या हरवल्या होत्या. खेळ उत्तम चालत असूनही त्या दोहोंच्या मागे दीड-दोनशे रुपये कमी घ्यावे लागले.

आमची एक आत्या न्यू जर्सीस असते. तिने आणलेल्या दोन डिस्कविषयी गिऱ्हाइके हटकून विचारीत, "इंडियन कॉपी आहे का?" प्लेस्टेशन ४ ची डिस्क कोणत्याही देशातील यंत्रावर चालते, परंतु त्या खेळाची पुरवणी पुढे विकत घ्यावयाची झाल्यास ती त्याच प्रदेशाच्या खात्यावरून घ्यावी लागते. हे आधीच सांगून टाकावे. नंतर वाद होत नाही.

जे विकले जात नाही

आता चौदाव्या डिस्कची गोष्ट. ती मोटारींच्या शर्यतीचा द क्रू हा खेळ होता. हा खेळ सदैव कंपनीच्या संगणकांशी जोडलेला असेल तरच चाले. युबिसॉफ्ट कंपनीने ते संगणक ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले. त्या दिवसापासून ही डिस्क, तिच्यावर एकही ओरखडा नसताना, जगात कोठेही चालत नाही. आम्ही दुकानात गेलो तेव्हा त्यास दोन महिनेही झाले नव्हते. विकण्यापूर्वी, आणि खरे म्हणजे विकत घेण्यापूर्वीच, खेळ जोडणीवाचून चालतो की नाही हे पाहावे, हा धडा आम्ही त्या डिस्कची पूर्ण किंमत मोजून घेतला.

खेळाच्या पेटीत कधी एकदाच वापरता येणारा संकेतांक असतो. तो पहिल्या मालकाने वापरला की संपला. २०१० साली ईए या कंपनीने असा नियम केला होता की जुनी डिस्क घेणाऱ्याने इतरांशी ऑनलाइन खेळण्यासाठी वेगळे पैसे भरावे; लोकांच्या नाराजीनंतर २०१३ मध्ये तो तिने सोडून दिला. परंतु अधिक पात्रे, अधिक पोशाख देणारे संकेतांक पुढेही येत राहिले. वापरला असेल तर वापरला आहे असे लिहावे.

माळ्यावर आमच्या धाकट्या बंधूंचा १९९० च्या दशकातील जुना व्हिडिओ गेमही सापडला. त्याच्या पिवळ्या कार्ट्रिजला आम्ही त्या वेळी 'कॅसेट' म्हणत असू. २०२१ मध्ये अमेरिकेत सुपर मारिओ ६४ या खेळाची एक प्रत लिलावात पंधरा लाख डॉलरांच्या वर गेली, हे चिरंजीवांनी वाचले होते. त्यामुळे घरात क्षणभर मोठी खळबळ उडाली. पण ती प्रत अस्सल, कधीही न उघडलेली आणि अत्युत्तम स्थितीतील होती. आमची कॅसेट म्हणजे निंटेंडोने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या यंत्राच्या असंख्य नकलांपैकी एकीची नक्कल. अशा नकली वस्तूंना, तसेच प्लेस्टेशन २ च्या काळात घरोघरी शिरलेल्या कॉपी केलेल्या डिस्कना, विक्रीचे मोल नाही. आणि कॉपी केलेली डिस्क विकणे हा प्रताधिकार कायद्याखाली गुन्हा आहे. त्या सरळ काढून टाकाव्यात.

विकण्याचा हक्क कोठून आला

आपण घेतलेली वस्तू आपण विकू शकतो, हे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की त्यासाठी कुणी न्यायालयात झगडले असेल असे मनातही येत नाही. पण झगडे झाले आहेत. अमेरिकेतील बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने आपल्या एका कादंबरीत छापले होते की ही एक डॉलरहून कमी किंमतीस विकण्यास कुणाला परवानगी नाही. मेसी या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. १९०८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की प्रत एकदा विकली गेली की तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचा ताबा उरत नाही. जपानमध्ये खेळ काढणाऱ्या कंपन्यांनी जुने खेळ विकणाऱ्या दुकानांवर दावे लावले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २००२ रोजी दुकानांच्या बाजूने निकाल दिला. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स वन या यंत्रासाठी जुन्या डिस्कच्या विक्रीवर बंधने जाहीर केली, तेव्हा खेळणाऱ्यांनी इतका गदारोळ केला की काही आठवड्यांतच, जून महिन्यात, ती मागे घ्यावी लागली.

हा हक्क डिस्कला आहे. इंटरनेटवरून खात्यात उतरवून घेतलेल्या खेळाला असा विक्रीचा मार्ग नाही, कारण तेथे आपण वस्तू घेत नसून वापरण्याची परवानगी घेत असतो. १ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात विक्रेत्याने ही गोष्ट गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितली पाहिजे असा कायदा लागू झाला आहे. सोनीने २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ काढले तेव्हा डिस्क घेणारे आणि न घेणारे अशी दोन यंत्रे एकदमच आणली. दुसरे स्वस्त होते. पण ते घेणाऱ्याला पुढे विकण्याजोगे खोके कधीच भरता येत नाही. चिरंजीवांच्या खात्यात असे सहा खेळ होते. हिशेबाच्या वहीत त्यांच्यापुढे आम्ही शून्य मांडले. ज्या पालकांना आज यंत्र घ्यावयाचे आहे, त्यांनी किंमतीतील फरकाबरोबर हाही फरक पाहावा.

अनोळखी गिऱ्हाईक

थेट विक्रीसाठी चिरंजीवांनी जाहिराती टाकल्या. त्यांत तीन गोष्टी आम्ही कटाक्षाने पाळल्या. छायाचित्रे आपल्याच डिस्कची, दोन्ही बाजूंची आणि दिवसाच्या उजेडात काढली. किंमत ठरवताना लोक काय मागतात हे न पाहता कशाला विकले जाते हे पाहिले. महिनाभर तशीच लटकत असलेली जाहिरात भाव दाखवीत नाही, विकणाऱ्याची आशा दाखवते. आणि उत्तम खेळ एकेकटे विकून उरलेल्यांची जोडी लावली. यंत्र मात्र सर्वांत शेवटी काढले. डिस्क चालते हे गिऱ्हाइकाला दाखवण्यास घरात यंत्र नको का?

दुसऱ्याच दिवशी एक फोन आला. समोरचे गृहस्थ आपण सैन्यात असून बाहेरगावी नेमणुकीवर आहोत, यंत्र व सर्व डिस्क मागाल त्या किंमतीस घेतो, असे म्हणाले. घासाघीस नाही, एकही प्रश्न नाही. लगेच त्यांनी एक क्यूआर कोड पाठवला: "हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." चिरंजीव हर्षभरित होऊन मोबाइल उघडीत होते, तोच स्वयंपाकघरातून सौ. म्हणाल्या, "अरे, पैसे आपल्या घरात यायला आपल्या तिजोरीची किल्ली कशाला लागते?"

हे वाक्य प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहे. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे घेण्यासाठी पिनही लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. आम्ही नकार देताच त्या 'सैनिका'ची भाषा बदलली. असा प्रसंग घडून पैसे गेलेच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर तितके पैसे परत मिळणे कठीण. त्यानंतर आम्ही गिऱ्हाइकांना वर्दळीच्या ठिकाणी किंवा, ओळखीतून आले असल्यास, घरी दिवसाउजेडी बोलावले, आणि पैसे खात्यात जमा झाल्याचे स्वतः पाहूनच वस्तू हाती दिली.

देवासचे बापलेक

रेड डेड रिडेम्प्शन २ या खेळाच्या दोन डिस्क असतात. त्यांपैकी एकीवर एक चरा होता. खेळ यंत्रात भरताना ती मध्येच अडके; पुसून पुन्हा लावली की दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस काम होई. छायाचित्रात तो चरा फारसा दिसत नव्हता. जाहिरातीत लिहावयाचे राहून गेले होते. राहून गेले होते की राहू दिले होते, हे आम्ही विचारले नाही.

अकराशे रुपयांस सौदा ठरला. घ्यावयास देवासहून वडील व त्यांचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, दोघे बसने आले. मुलाने खिशातून नोटा काढल्या. शंभरांच्या, पन्नासांच्या, काही दहांच्याही. कशा जमल्या असतील ते आम्हांस कळले, आणि चिरंजीवांसही कळले असावे. ते काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, "काका, एक बात बतानी थी." त्यांनी चरा दाखवला, डिस्क यंत्रात घालून दाखवली. ती खरोखरच अडकली आणि दुसऱ्या वेळी चालली. "सातशे द्या. आणि आठ दिवसांत तुमच्याकडे नाही चालली तर परत आणा, मी पैसे देईन."

चारशे रुपये गेले. आम्ही काही बोललो नाही. डिस्क परत आली नाही. दोन आठवड्यांनी त्याच गृहस्थांचा फोन आला: त्यांच्या बहिणीच्या मुलास यंत्र हवे होते, आणि "आपके यहाँ से लेंगे, आप बता के देते हो" असे ते म्हणाले. दुकानाने ज्या यंत्राचे आठ हजार सांगितले होते ते दोन कंट्रोलरांसह साडेबारा हजारांस गेले, आणि या वेळी त्यांनी घासाघीस केली नाही. दोष आपण होऊन सांगितल्याने त्या डिस्कचे दाम घटले हे खरे. पण अनोळखी माणसाकडून जुनी वस्तू घेणारा मनातल्या मनात भीतीचे पैसे आधीच कापून ठेवतो, आणि विश्वास बसला की तेच पैसे तो परत देतो.

पुसण्यापूर्वी

यंत्र देण्यापूर्वी ते धूळ झाडून स्वच्छ करावे, बिल शोधून ठेवावे, आपले खाते त्यातून काढावे आणि आतील सर्व माहिती पुसून ते कारखान्यातून आले तसे करावे. हे न केल्यास आपले खाते, आणि त्यास जोडलेले कार्ड, परक्याच्या घरी जाते. देवासची मंडळी यावयाच्या आदल्या रात्री चिरंजीव हे करावयास बसले, आणि पुसण्याच्या बटणापाशी थांबले.

चौदांपैकी एक डिस्क होती क्रिकेट १९. २०२० च्या टाळेबंदीत आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, घरात कोंडले गेले होते. वय ब्याऐंशी. त्यांनी शाळकरी वयात यशवंत क्लबच्या मैदानावर होळकर संघाचे सामने पाहिले होते. १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात त्या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. या खेळात आपल्या मनाचे खेळाडू व संघ तयार करता येतात. अण्णा सांगत गेले आणि नातू घडवीत गेला: कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, एकेक करून अकरा. मुश्ताक अली पुढे सरसावून कसे मारीत हे दाखवण्यासाठी अण्णा काठी घेऊन दिवाणखान्यात उभे राहत. दुपारभर सामने चालत. अण्णा २०२२ मध्ये गेले. तो संघ, त्याच्या धावा, अण्णांनी स्वतःच्या नावाने बारावा म्हणून घालायला लावलेला खेळाडू, हे सारे त्या यंत्राच्या पोटात होते.

"हे पुसलं की गेलं ना?" सौ.नी विचारले.

सुदैवाने जात नाही. प्लेस्टेशन ४ मधील खेळांची जपलेली माहिती साध्या पेन ड्राइव्हवर उतरवता येते, आणि पुढे त्याच खात्याने दुसऱ्या प्लेस्टेशन ४ वर किंवा ५ वरही घालता येते. प्लेस्टेशन ५ च्या स्वतःच्या खेळांना मात्र ही सोय नाही; त्यांची माहिती वर्गणी भरून कंपनीच्या संगणकावर ठेवावी लागते किंवा एका यंत्रातून थेट दुसऱ्यात न्यावी लागते. यंत्र पुसण्यापूर्वी हे दहा मिनिटांचे काम प्रत्येकाने करावे. आम्ही पेन ड्राइव्हच्या दोन प्रती केल्या. मग चिरंजीवांनी बटण दाबले.

हिशेब असा झाला: बारा डिस्कचे सात हजार सातशे पन्नास, यंत्राचे साडेबारा हजार, एकूण वीस हजार दोनशे पन्नास. दुकानात गेलो असतो तर सुमारे अकरा हजार मिळाले असते. फरक नऊ हजारांचा, आणि खटपट पाच आठवड्यांची. लॅपटॉपला त्या पैशांची भर पडली.

क्रिकेट १९ ची डिस्क विकली नाही. तिचे दुकानात दोनशे रुपये सांगितले होते. ती व एक पेन ड्राइव्ह चिरंजीव पुण्यास घेऊन गेले. दुसरा पेन ड्राइव्ह सौ.नी कपाटात, गोधडीच्या घडीत ठेवला आहे.